डोंबिवलीतलं खतखतं

हळर्ण, पेडणे
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. गौरेश यास तुझ्या आजीचे आशीर्वाद.

आम्ही इथे बरी आहोत. माझे गुडघे तेवढे सोडून. ते कधीचेच माझ्यापासून वेगळे राहतात, बोलावलं तर येतात, नाहीतर नाही. गाय व्याली, पाडी झाली. पोदेर आता सायकल टाकून स्कूटरवरून पाव घेऊन येतो. स्कूटर मोठी झाली तसा पाव लहान झाला. ऋतिकाला माझा आशीर्वाद सांग.

अक्षर आपल्या शेजारच्या रेश्माचं, अंगणवाडीवालीचं. मी सांगते, ती लिहिते. जशी बोलते तशी लिही म्हटलं, तर म्हणते, "आजी, पत्रात जरा नीट दिसायला हवं." म्हणजे वाचताना मी कुठे फार शहाणी वाटले, तर ती रेश्मा समज.

फोन का नाही केला म्हणशील. एक तर तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी मी काहीतरी बोलणार, तू हसणार, आणि मी सुटणार. कागदाला हसू येत नाही, ते बरं.

तुझा बापूस शनिवारी टेम्पो घेऊन निघतो आहे, तुझ्या हॉटेलातली भांडी आणायला. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा तेव्हासुद्धा बाबली इतका गप्प नव्हता. टेम्पोत घालायला दोर आणून ठेवलाय, ताडपत्री आणून ठेवली आहे, आणि माझ्याकडे बघत नाही. हे पत्र त्याच्याच हातात देते. माझी एकच अट. आधी पत्र वाच, मग टोप टेम्पोत चढव.

ऋतिकाचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल तर तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. म्हणाली, भिवंडीच्या गोदामात खोक्यांवर देखरेख करायची नोकरी धरलीस. नोकरी वाईट म्हणत नाही मी. पण पुढे म्हणाली, "आजये, हे आता घरीसुद्धा चुलीकडे जात नाहीत. परवा डाळीत मीठ किती ते बघायला सांगितलं, तर म्हणाले, तूच बघ, माझ्या जिभेला काही कळत नाही." मी म्हटलं, हे खूळ कुठून घेतलंन? तर ती म्हणाली, "ते म्हणतात, आजी खोटं बोलत नाही."

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. जातं, पण बरं लागत नाही.

आता हॉटेल बंद पडलं त्याचं म्हणशील, तर तो गाळाच तसला, असं मी वाड्यावर सगळ्यांना सांगते. आधी तिथे चायनीज होतं, त्याआधी मिसळ, त्याआधी ते वाफेवरचे मोदकासारखे काय ते, मोमो. तुझ्या आधी तिघांनी त्याच दारात नारळ फोडला आणि तिघांनी कुलूप घातलं. शहरात हॉटेल उघडतं-मिटतं ते आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ खिडकीचं जनेल उघडावं-मिटावं तसं. त्यात तुझं चार महिनेसुद्धा चाललं नाही, यात नवल काय? असं मी म्हणते. लोक मान हलवतात. भजनातली सुलोचना तेवढी मान हलवत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत बसते.

बरं, सांगते.

अक्षय तृतीयेला तू मला डोंबिवलीला नेलंस. दारावर पाटी, पाटीवर माझं नाव, आत भिंतीवर माझा एवढा मोठा फोटो. मी तुला म्हटलं, "मेल्या, माणूस मेल्यावर भिंतीला लावतात." तू हसलास. गाऱ्हाणं घालायला आपला धाकू गुरव गावाहून आणला होतास, त्याने राखणदारापासून डोंबिवलीच्या रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना हाक घातली आणि लोक "व्हय महाराजा" म्हणाले. मग मला पहिल्या मेजाशी बसवून तू स्वतः ताट वाढलंस. भात, सोलकढी, आणि खतखतं. पाच भाज्यांचं, तेफळं, तुमच्याकडे तिरफळं म्हणतात ती, घातलेलं, चतुर्थीला मी करते ते.

तेवढ्यात ती मुलगी आली, काठीवर फोन लावलेली. माझ्या तोंडासमोर फोन धरून म्हणाली, "आजी, कसं झालंय? तुमच्या हातासारखं?"

आता आपली रीत तुला माहीत आहे. आपल्या घरी चार माणसं जेवायला बसली की आपण म्हणतो, काही नाही हो, मीठपाणी आहे, गोड मानून घ्या. पंचवीस नारळ खोवून केलेल्या जेवणालासुद्धा आपण मीठपाणीच म्हणतो. आपल्या घरचं बरं झालं असं आपणच म्हणणारी बाई अजून पेडण्यात जन्मायची आहे. ते हॉटेल आपलं घर. म्हणून मी म्हटलं, "कसलं गो बाय, मीठपाणी. पोटात ढकलायचं झालं."

ही रीत झाली. हे मी देवासमोरही सांगेन. गावात हेच मी सगळ्यांना सांगितलं, की शहरातल्या लोकांना आपली रीत कळली नाही, बिचाऱ्या म्हातारीचं बोलणं खरं धरून बसले. वाड्यावरच्या बायका हळहळल्या. मलासुद्धा माझी दया आली.

पण तिथे बोलणं थांबलं नव्हतं. माझं पहिलं वाक्य ऐकून सगळी माणसं हसली. तुझे मित्र, ऋतिकाची माणसं, रस्त्यावरून डोकावणारे, सगळे. ती मुलगी हसता हसता म्हणाली, "आजी, अजून बोला ना." आणि मी बोलले. "माझा फोटो भिंतीला लावला म्हणून चव ताटात उतरत नाही," म्हणाले. मग म्हणाले, "आमच्या गावात हे खतखतं गुरांपुढे ठेवलं, तर गुरं आधी माझ्या तोंडाकडे बघतील."

हे रीतीत कुठे बसतं? रेश्मा लिहिता लिहिता थांबली आहे. लिही गो. तूसुद्धा तो व्हिडिओ बघून हसली होतीस, मला माहीत आहे.

(हो, हसले होते. — रेश्मा)

सगळे हसले तेव्हा तूही हसलास. हातात भाताचं पातेलं होतं तुझ्या. मी तुझ्याकडे बघितलं होतं, पुता. तू हसलास, पण आधी जरा थांबून.

पुढचं तुला माहीत आहे. ऋतिकाने मला थोडं थोडं सांगितलं. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि पहिले आठ-पंधरा दिवस गर्दी झाली, ती मजा बघायला. पोरं येऊन म्हणायची, "ते गुरांवालं द्या एक प्लेट." तू वाढत राहिलास. मग मजा संपली आणि माणसंही संपली. पाऊस लागला, मेजं रिकामी. जुलैत तू पाटी उतरवलीस.

त्याआधी एकदा तू मला फोन केला होतास. आठवतं? म्हणजे तुला आठवणारच. दुपार होती, मी पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होते. तू कधी नाही ते हळू आवाजात बोललास. "आजये, आता कोण नाही इथे. खरं सांग. चव चुकली होती काय?"

आणि मी म्हटलं, "चुकायला आधी असायला हवी."

तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी सोलं पालथी घालत राहिले. वाटलं, चेष्टा समजला असेल. लहानपणापासून माझी चेष्टा समजतो. पण तू चेष्टेत विचारलं नव्हतंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून भागणार नाही.

आता ते सांगते, ज्यासाठी रेश्माला सकाळपासून अडकवून ठेवलंय. तिने दोनदा चहा घेतला, मी दोनदा गाईकडे जाऊन आले.

तुझं खतखतं चांगलं झालं होतं.

नुसतं चांगलं नव्हे. माझ्या खतखत्यात भाज्या शिजून शिजून एकमेकींत जातात, नीरफणस कोणता आणि सुरण कोणता ते दाताला कळत नाही. लोक म्हणतात, एकजीव झालंय. एकजीव कसलं, मला धीर नाही, मी सगळ्या भाज्या एकदम टाकते. तुझ्या ताटात प्रत्येक फोड आपल्या अंगाने उभी होती. रताळं रताळ्यासारखं, मुळा मुळ्यासारखा, आणि तरी सगळ्यांना रस एकच. तेफळं तू शेवटी पाण्यात चेचून घातली असशील. वास पुढे येत होता आणि जिभेला मुंग्या येत नव्हत्या. पहिल्याच घासाला मला कळलं, की पन्नास वर्षं मी जे करत आले ते असं व्हायला हवं होतं.

तेवढ्यात ऋतिकाच्या मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आजी, आता तुम्हाला सुट्टी!" तो भला माणूस, कौतुकाने म्हणाला. मला ते टोचलं. वाड्यावर चतुर्थीला बायका वाडगा घेऊन माझ्या दारात येतात. माझ्याकडे शिक्षण नाही, सही नाही, तुझ्या आजोबांच्या पश्चात माझ्याकडे काय होतं? हेच होतं. आणि ते तू माझ्या ताटात वाढून माझ्याच फोटोखाली ठेवलंस. मग समोर फोन आला. मग मी बोलले.

हेवा. हा शब्द रेश्माने नाही घातला, मीच सांगितला. ती "वाईट वाटलं" असं लिहायला बघत होती.

पोटच्या पोराच्या पोराचा हेवा करणारी म्हातारी तू कधी बघितली नसशील. बघून घे. मला तोंड दाखवायला लाज वाटते, म्हणून कागद पाठवते आहे.

तुझी जीभ खोटी नाही. खोटी माझी होती. मीठ किती ते तुला कळतं. ऋतिकाला विचारू नकोस, स्वतः बघ. त्या गाळ्याचं आता काय होईल मला माहीत नाही. तिथे परत कोणी तरी नारळ फोडेल. तू दुसरीकडे उघड, नाहीतर उघडू नकोस, खोक्यांची नोकरी कर, तुझं तू ठरव. फक्त माझ्या बोलण्यावर ठरवू नकोस. टेम्पो दारात उभा राहील तेव्हा भांडी चढवायची की नाही, हे तू ठरव. रिकामा परत आला तर बाबली डिझेलसाठी माझ्यावर ओरडेल. ओरडू दे.

आणखी एक. जे मी बोलले ते चार माणसांत बोलले होते. मग हे एकटीने रेश्माच्या कानात सांगून भागायचं नाही. आज मंगळवार, भजनाला वाड्यावरच्या बायका आपल्या सोप्यावर जमल्यात. इथवर लिहून झालं तेव्हा मी रेश्माला म्हटलं, ऊठ, बाहेर चल आणि सगळं मोठ्याने वाचून दाखव. गाळ्यापासून हेव्यापर्यंत. ती नको म्हणत होती. मी तिच्या शेजारी खांबाला धरून उभी राहिले. बसले नाही.

वाचून झालं. टाळ तसेच मांडीवर. तुझा बापूस टेम्पोपाशी दोर गुंडाळत होता, तो हातातला दोर तसाच धरून राहिला. मला वाटलं, आता ह्या बायका चतुर्थीला माझ्या दारात यायच्या नाहीत.

मग सुलोचना म्हणाली, "तुझं खतखतं लगदा होतं हे आम्हाला कधीचं ठाऊक आहे गो चंद्रावती. आम्ही तुला वाईट वाटेल म्हणून वाडगा घेऊन येतो."

सगळ्या हसल्या. माझ्यावर. गौरेश, मी तिथे उभी होते आणि मला पहिल्यांदा कळलं, हातात पातेलं घेऊन हसायला किती जड जातं.

ह्यापुढे सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. चतुर्थी महिनाअखेरीला आहे. यंदा चूल मी कोणाला देणार ते विचारू नकोस, आलास तर तुझी, नाही आलास तर थंड राहील. गणपतीला फळं ठेवीन आणि त्यालाही कारण खरं तेच सांगेन.

तुझ्याकडून रांधायला शिकायची राहिलेली,

तुझी आजये