खालच्या वेटाळातली विहीर

८ जुलै १९५९
सकाळपासून नाल्यावर. पुलाखाली सरकीची कुजकी पोती, फुटकी कौलं, एक मेलेलं डुक्कर. किसन जमादार आणि त्याची चार माणसं कंबरभर गाळात. किसन म्हणतो, "सायेब, आमी इकडून उपसतो, तो तिकडून बुजवून राह्यला." तो म्हणजे कापसाचा व्यापारी. गोदामाचा दगडी ओटा थेट नाल्याच्या निम्म्या पात्रात आणलाय. ओव्हरसियर या नात्यानं तीनदा लिहून दिलं. तिन्ही कागदांवर नगरपालिकेच्या अध्यक्षांचा एकच शेरा : 'पाहिले.' पूर्वी वर तक्रार न्यायची तर नागपूर. आता मुंबई. आपल्याला दोन्ही सारखीच लांब.
पाय रात्रभर ठणकणार.

१९ जुलै, रविवार
दुपारी दोनला पाऊस लागला, चारला नाला उलटला. पाणी गोदामाच्या ओट्यावर आपटलं आणि वळून खालच्या वेटाळात, त्या सखल वस्तीत शिरलं. गोदामात थेंब नाही. वेटाळात छातीइतकं. माणसं चढावरच्या शाळेत नेली. कुणी वाहून गेलं नाही, एवढंच बरं. पण तिथली विहीर... सगळ्या गावाच्या संडासांचं, खाटीकखान्याचं पाणी तिच्या कठड्यावरून आत पडताना डोळ्यांनी पाहिलं.

२१ जुलै
गयाबाईच्या सुनेला जुलाब-वांत्या. आणखी दोन घरांत तेच. गयाबाई म्हणजे वेटाळातली वडीलधारी बाई. तीन वर्षांपूर्वी अख्खं वेटाळ बुद्ध झालं, तेव्हा घराघरातले देव तिनंच गोळा करून पाण्यात शिरवले म्हणतात.
विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली, तरी घाण वास. नमुन्याची बाटली सील करून अकोल्याच्या कचेरीत पाठवली, तिथून पुण्याला जाईल. तोवर विहिरीवर फळ्या ठोकायला लावल्या. गयाबाई एका फळीवर हात ठेवून उभी.
"इहीर बंद केली, चांगलं केलं. आता पानी कोनाचं प्यावं? तुमचं?"
वरच्या आळीतल्या विहिरी ह्यांना मोकळ्या नाहीत, कायदा काहीही म्हणो. नगरपालिकेची पाण्याची गाडी चाक मोडून पडली आहे. मग तोंडून गेलं, "हो. माझ्या घरी या."
घरी सुमन भाकरी थापत होती. सांगितलं.
"मले इचारलं होतं?"
नव्हतं.
"भावकी काय म्हनीन, ते तरी मनात आनलं का?"
तेही नव्हतं.

२२ जुलै
उजाडता अकरा बाया फाटकाशी. आत कुणी येईना. गयाबाईनं सुमनला सरळ विचारलं, "वरून ओतून देता, का आमाले ओढू देता?" सुमनच्या हातात दोर होता. मग अंगणातल्या विहिरीच्या रहाटावर टाकला. "ओढा." म्हणाली आणि आत गेली. दुपारी जेवली नाही.

२५ जुलै
चुलतभावानं आमच्याकडून पाणी नेणं बंद केलं. वहिनी सुमनशी बोलत नाहीत.
अध्यक्षांनी बोलावलं. वकील माणूस, आवाज कधी चढत नाही.
"भाऊसाहेब, तुम्ही केलं ते थोरच केलं. पण गावात कुजबुज आहे. पुन्हा पावडर टाका, त्यांची विहीर त्यांना उघडून द्या. पाणी पिण्यालायक आहे असा दाखला तेवढा द्या."
"रिपोर्ट आला नाही अजून."
"येईल हो."
"आणि नाल्यातला ओटा?"
"तो दिवाणी मामला आहे."
चहा आला. प्यालो.

२८ जुलै
गयाबाईची सून गेली. शांता नाव. नोंदवहीत कारण 'अशक्तपणा'.
मसणवटीत गेलो. कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. शेवटी किसन जवळ आला. "घरी जा, सायेब. ओले झाले तुमी."

३० जुलै
दाखल्याचा कागद तीन दिवस टेबलावर. टाइप करूनच पाठवलाय, फक्त सही हवी. आज टाक उचलला होता. करून टाकावीशी वाटत होती, इथं डायरीत खोटं कशाला लिहू? घरात शांतता होईल, सुमनला पुन्हा हळदीकुंकवाला बोलावतील. मग शांताचं लहानगं आठवलं, मसणवटीबाहेर कुणाच्या तरी कडेवर होतं. टाक ठेवला. यात शूरपणा काही नाही. हात उठेना, एवढंच.

३ ऑगस्ट
हुकूम आला. उद्यापासून जकात नाक्यावर. चार्ज नव्या माणसाकडे द्यायचा. किल्ल्या, टेप, नाल्याचा नकाशा दिला. नकाशात ओटा मी लाल पेन्सिलीनं काढलेला. त्यानं घडी घालून खाली ठेवला.
सुमनला सांगितलं. "बरं" म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाक्यावर सावली हाये का?"

६ ऑगस्ट
नाक्यावर. तेल्हाऱ्याच्या गाड्या, चिखल, हुज्जत. किसन मुद्दाम वाट वाकडी करून आला. नव्या माणसानं दाखल्यावर सही केली. फळ्या काढल्या. रिपोर्ट नाही. नाल्यात गाळ पुन्हा होता तितका.

९ ऑगस्ट, रविवार
वाटलं होतं, आता कुणी येणार नाही. सकाळी गयाबाई आली. एकटी, दोन घागरी.
"तिकडची उघडली ना?" मी विचारलं.
"उघडली. ढोरायले पाजतो." रहाट ओढता ओढता म्हणाली, "नव्या सायबानं सही केली. म्या म्हनलं, एक पेला पेता का? तं घाई हाये म्हने."
सुमन ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता विचारलं, "किती दिवस येसान, मावशी?"
"तुमी नाई म्हनसान तोवर."
घागरी भरल्या. डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो, बरोबर दुसरी बाई नाही. गयाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, मागितलं नाही. वहिनी त्यांच्या दारातून बघत होत्या. मी उठलो.
"तुमी बसा," सुमन म्हणाली. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, ओट्याची एक पायरी उतरली, आणि वहिनींच्या दाराकडे बघत तिथंच थांबली.