आमेनच्या अलीकडे

९ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

सप्रेम सलाम. आम्ही दोघी इकडे ठीक आहोत, तुम्ही तिघं तिकडे ठीक असाल असं धरून चालते. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर मी भांडते, हे तुला माहीत आहे. पत्रात निदान माझं वाक्य संपेपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही.

बातम्या काय, त्याच. जिन्याला रंग लावला, तो वाळायच्या आत कोणीतरी सायकल घासून नेली. खालच्या मजल्यावरचे मास्तर निवृत्त झाले आणि क्लॅरिनेट शिकायला लागले. अजून एकाच सुरावर आहेत, आणि तोही त्यांचा त्यांना सापडलेला नाही. मी अजून त्याच ठिकाणी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते. गावातले अर्धे म्हातारे माझ्या दातांनी हसतात आणि उरलेले अर्धे कवळी टोचते म्हणून मला शिव्या घालतात.

आईची तब्येत वयाच्या मानाने बरी आहे. जेवते, झोपते. थोडं विसरते.

मी लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. तुला हसू येईल. मला प्रार्थना करता येत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी बाबा प्रार्थना करायचे ते आठवतं ना? आपल्या दोघांचं काम फक्त आमेन म्हणायचं, आणि तू तेही बाबांचं वाक्य संपायच्या आधी म्हणून भाकरीला हात घालायचास. बाबा गेल्यावर आई करायला लागली. आता ती मध्येच अडते. सुरुवात छान होते, आभार मानून होतात, मग एखाद्या शब्दापाशी थांबते आणि माझ्याकडे बघते. ‘आता तू कर,’ म्हणते. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. चर्चमध्ये माझं सगळं व्यवस्थित चालतं. हातात पुस्तक असतं, सगळ्यांबरोबर उभं राहायचं, सगळ्यांबरोबर बसायचं. घरी डोळे मिटले की फ्रीजची घरघर ऐकू येते, उद्याची कामं आठवतात, गॅस बंद केला की नाही अशी शंका येते. मी उठते. बघते तर बंद असतो. परत येऊन बसते, आणि पुन्हा कशासाठी तरी उठते. तेवढ्यात आई जेवायला लागलेली असते.

पाळकसाहेबांना सांगितलं. हे नवीन आहेत, तुझ्याहूनही लहान. म्हटलं, वयाच्या पन्नाशीत मला प्रार्थना शिकवा. ते म्हणाले, “मलाही रोज नव्याने शिकावी लागते. वेगळं बसू नका तुम्ही. हातात काम असेल तेव्हा कामाबद्दलच बोला त्याच्याशी. आणि सुंदर बोलायला जाऊ नका.”

मग चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, “कोणावर राग आहे का?”

मी म्हटलं, नाही.

ते बिस्किट चहात बुडवत बसले. ते मोडून कपात पडलं, तर चमच्याने काढत बसले. मला तिथून कधी एकदा उठते असं झालं. शेवटी म्हणाले, “ज्याचं नाव घ्यायचं टाळतो, तिथेच पुष्कळदा अडतं.”

मी म्हटलं, मला उशीर होतोय.

तर असं आहे. उत्तराची घाई नाही. वहिनीला आणि मुलीला सलाम.

तुझी बहीण


३ मार्च

प्रिय छोट्या,

सलाम. तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीच घाई नाही म्हटलं होतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. आई मला ‘तू कर’ म्हणते असं लिहिलं. ती ‘तू’ म्हणत नाही. ‘तुम्ही करा, बाई’ म्हणते.

गेल्या पावसाळ्यापासून मी तिच्यासाठी बाई आहे. घरकामाला ठेवलेली, पगारी. सुरुवातीला मी रागावायचे, बाबांचे फोटो दाखवायचे, ‘अगं मी, मी’ म्हणून छातीवर हात आपटायचे. ती घाबरायची. मग सोडून दिलं. ती माझ्याशी फार अदबीने वागते. तुला आणि मला कधी मिळाली नाही इतकी अदब. एकदा मी तिचे केस विंचरत होते तर म्हणाली, “बाई, तुमचा हात किती हलका आहे. माझी मुलगी फार रागीट. तिने एवढं केलं नसतं.”

मी वेणी घालून दिली आणि मोरीत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

आणि रोज रात्री टेबलावर ती तुझ्यासाठी प्रार्थना करते. मला विसरली, बाबा गेले हे विसरली, पण तू तिच्या तोंडी रोज. माझ्या धाकट्याला सांभाळ, त्याला घरी आण. बाबांच्या मातीलाही जो आला नाही, तो! मी समोर बसलेली असते. तिची लाळ पुसायचा रुमाल माझ्या मांडीवर असतो. आणि माझं नाव त्या प्रार्थनेत औषधालासुद्धा नाही.

पाळकसाहेबांनी सांगितलं तसं मी कामावर करून बघत होते. साचा हातात घ्यायचा आणि मनात म्हणायचं, हे तोंड कोणाचं आहे ते तुला ठाऊक, ह्याला नीट चावता येऊ दे. दुसरा घ्यायचा. ह्याच्या हिरड्या फार झिजल्यात, ह्याला दुखू नये. एका बाईंच्या कवळीला तर मी इतकं बोलत बसले की मेण गार झालं. अनोळखी माणसांसाठी जमत होतं. मला वाटलं, आलं की! एवढंच होतं तर!

मग एका रात्री आई म्हणाली, त्याला घरी आण. आणि मी मनात म्हटलं, नको आणूस.

छोट्या, घरात केलेली माझी ती पहिली प्रार्थना. मी उठले नाही, गॅस आठवला नाही, फ्रीज ऐकू आला नाही. तो आला की ती त्याला ओळखेल, त्याच्या गळ्यात पडेल, आणि मी बाजूला ताट घेऊन उभी राहीन. म्हणून नको आणूस. इतकं मन लावून मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आणि वर आमेनही म्हटलं.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण गुरुवारी जे झालं ते ह्याच्याशिवाय सांगता येत नाही.

दुपारी आईपाशी मास्तरांच्या पत्नी बसतात. त्या गच्चीवर कपडे काढायला गेल्या, दाराला कडी घालायची राहिली. मी कामावरून आले तर घर उघडं, आणि आई नाही. चपला जागच्या जागी. म्हणजे ती अनवाणी गेली होती.

मी पळत सुटले. आधी चर्च, मग दवाखाना, मग ती शिकवायची ती शाळा. ज्याला त्याला विचारत होते, पांढरे केस, निळी शाल, बघितलंत का? लोक नाही म्हणत होते आणि मी त्यांच्यावरच ओरडत होते. आणि पळता पळता मी बोलत होते, मोठ्याने. एक पोरगी तर बाजूला सरकली. मी म्हणत होते, मला काही येत नाही, मला बोलता येत नाही, ती मला दे. दे मला ती. मग पायच थांबले. घरी आणू नकोस, हे मी मागितलंच होतं की. देवाने ते ऐकलं असेल आणि तुझ्याऐवजी तिलाच धरलं असेल तर? वेड्यासारखा विचार, मला कळतंय. पण मी भर रस्त्यात म्हटलं, ते मागे घेते. घेते मागे. त्यालाही आण. दोघांनाही आण.

ती एसटी स्टँडवर सापडली. चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर, पाय जुळवून, हात मांडीवर, चर्चमध्ये बसते तशी. खिडकीतल्या कारकून बाईंनी तिला पाणी दिलं होतं. पायाला कुठेतरी काच लागली होती, रक्त वाळलं होतं.

मी म्हटलं, “आई, चल घरी.”

“तुम्ही व्हा पुढे, बाई,” ती म्हणाली. “माझा मुलगा येणार आहे. त्याला घेऊन मी येते.”

तिला ओढून न्यावं असं आधी वाटलं. मग मी तिच्या शेजारी बसले. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, आणि ती प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होती. मीही न्याहाळायला लागले. खोटं कशाला सांगू, एकदा एका माणसाची चाल बघून मीही बाकावरून अर्धी उठले. तो तू नव्हतास.

उन्हं उतरली तशी ती थकली. हात जोडले आणि सुरू केलं. प्रभू, तुझे आभार. आजच्या दिवसाबद्दल, भाकरीबद्दल. आणि माझ्या धाकट्याला, माझ्या धाकट्याला...

थांबली. पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथेच थांबली. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत असली भीती मी कधी बघितली नव्हती, बाबा गेले तेव्हाही नाही.

“बाई,” ती म्हणाली, “काय हो नाव त्याचं?”

बाबांच्या मातीपासून तुझं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. लोकांनी विचारलं तर ‘तो’ म्हणायचे. ह्या पत्रातही बघ, घरचं लाडाचं नावच लिहिते आहे. तिथे त्या बाकावर, आईने माझा हात धरलेला, मी तुझं नाव सांगितलं. बाप्तिस्म्याचं, पूर्ण.

“हां,” ती म्हणाली, आणि चेहरा मोकळा झाला. “तुम्ही ओळखता त्याला?”

“ओळखते,” मी म्हटलं.

“मग तुम्हीच करा त्याच्यासाठी. मला दम लागलाय.”

मी केली, छोट्या. काय बोलले ते लिहीत नाही. सुंदर नव्हतं. शेजारी कोणीतरी खोकत होतं, वर भोंगा ओरडत होता. आई आमेन म्हणाली आणि लगेच उठून उभी राहिली. मी रिक्षा केली.

आता तरी एक ओळ लिही.

तुझी बहीण


२ एप्रिल

प्रिय छोट्या,

सलाम. तुझी एक ओळ आली. मी मागितली होती तेवढीच धाडलीस, त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

‘ती मला ओळखणार नाही, मग येऊन काय करू?’

सरळ सांगते. नाही ओळखणार. आधी मला वाटायचं की तू दारात उभा राहिलास की तिला सगळं आठवेल. त्याच भीतीने मी नको म्हटलं होतं. आता तसं वाटत नाही. पायाची जखम भरली, पण मागचं पत्र टाकलं त्यानंतर तिने खाट धरली. गिळायला त्रास होतो. डॉक्टर म्हणतात, जे काही करायचं ते लवकर करा. प्रार्थनाही थांबली आहे. तुझं नाव मी रोज घेते, ती ऐकते, पण कोणाचं म्हणून विचारत नाही. दुसऱ्या कोणाचं असावं तशी ऐकते.

जेवणाआधीची प्रार्थना मीच करते, तिच्या खाटेपाशी. अजूनही नीट जमत नाही. दूध उतू जातं, मी उठते. फरक एवढाच की आता बोलत बोलत उठते आणि बोलत बोलत परत येते. कामावर बोलते, रिक्षाच्या रांगेत बोलते, कपडे पिळताना बोलते. बऱ्याचदा भांडते. चैन पडत नाही ते नाहीच. पाळकसाहेबांना म्हटलं, प्रार्थनेने माणूस शांत होतो म्हणतात, माझं उलट झालंय. आधी मला कोणाचं काही नव्हतं, आता सगळ्यांची काळजी लागून राहते. ते म्हणाले, “असंच असतं ते. मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी पाळक झालो असतो की नाही कोण जाणे.” आणि खो खो हसले.

तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. बाबांना खड्ड्यात उतरवताना दोरीचं तुझं टोक मास्तरांनी धरलं होतं. ते मला दिसत राहतं. मी देवाला तेही सांगते. म्हणते, मी ह्याच्यावर रागावलेली आहे, आणि ह्याचं जुनं पाठीचं दुखणं बरं कर. दोन्ही एका दमात. एका गोष्टीपायी दुसरी मागे ठेवावी असं आता वाटत नाही. तू का आला नाहीस ते मी कधी विचारलंच नाही, हेही मला बोलता बोलताच लक्षात आलं. बाबा तुला काही बोलले होते का? बोलले असतील. त्यांना प्रार्थनेतली भाषा एरवी घरात वापरता यायची नाही.

तू आलास की ती म्हणेल, ‘कोण आपण? बसा.’ तुला फार लागेल. मला लागलं होतं. तेव्हा मी मोरीत जाऊन घासलेली भांडी घासली, तशी तूही घास. भांडी पुष्कळ आहेत. मग येऊन तिचा हात धर. तिला तो कोणाचा आहे ते कळलं नाही तरी ऊब कळते. धरला की ती बोटं मिटते.

वहिनीला आणि मुलीलाही आण. मुलीला मी अजून बघितलेलं नाही. आपण भांडू, ते मी टाळायचं कबूल करत नाही. पण जेवायच्या आधी भांडायचं नाही.

आईने दाराकडे बघायचं सोडलं आहे. दार वाजलं की आता मी बघते.

तुझी
ताई