धाकट्याचे शटर आणि थोरल्याचे कपाळ

प्रति,
माननीय आवाज-तपासणी अधिकारी,
पालिका कार्यालय.

विषय : घरच्या गॅरेजचे शटर व यंत्रे यांचा आवाज, खून पडण्याआधी, कमी करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "आवाज आढळला नाही, तक्रार निकाली."

महोदय,

सविनय अर्ज करते की, शाळा माझी दुसरीतच सुटली, पण कान शाबूत आहेत. आवाज आढळेल कसा? आपला माणूस मोजायचे यंत्र घेऊन आला तेव्हा मीच खाली जाऊन धाकट्याला दरडावले, "परका माणूस आलाय घरात, बंद कर ते खटलं!" पाहुण्यासमोर आमच्यात भांडेसुद्धा आपटत नाहीत. आपला माणूस चहा पिऊन, "आजी, किती शांत घर आहे तुमचं," म्हणून गेला. मला अभिमानच वाटला. तो फाटकाबाहेर पडला आणि शटर धाडकन आले.

१. खाली धाकट्याचे गॅरेज. तिथे ग्राइंडर, कॉम्प्रेसर लावून तो लोखंडी जाळ्या बनवतो. बरोबर वरती थोरल्याची खोली. तो रात्रपाळीचा, दिवसा झोपणारा. ग्राइंडर लागला की माझे उरलेले दात हलतात. शटर तर धाकटा खाली आणत नाही, सोडून देतो.

२. परवा थोरला झोपेतून उठून खाली गेला आणि त्याने ग्राइंडरची वायर सुरीने कापली. धाकट्याने पाना उचलून त्याचे कपाळ फोडले. थोरल्याने रक्त पुसलेही नाही. धाकट्याला पाडले, त्याची मान उंबऱ्यावर दाबली आणि दुसऱ्या हाताने शटर ओढले. मी पहार आडवी घातली म्हणून मान राहिली. पहार वाकली. मग मी हाताला लागेल त्याने दोघांना बडवले. सून ओरडत होती, "आई, पुरे, मरतील!" मी म्हटले, "माझ्या हातून मरू देत, एकमेकांच्या नको."

३. शटरवाल्या मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, "मावशी, रुळांत ग्रीस घाला, शटरच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावा, कॉम्प्रेसरच्या पायांखाली जाड रबर ठेवा. निम्मा आवाज जाईल." एवढेच! पण धाकटा म्हणतो, "पट्टी लावीन तर दादाच्या तोंडाला." थोरला म्हणतो, "आधी पाय धरू दे माझे." दोघेही माझ्यावर गेलेत, मोडतील पण वाकणार नाहीत. मी सांगावे तर ज्याच्या बाजूने बोलेन त्याची आई, दुसऱ्याची वैरीण. सरकारी शिक्क्यापुढे मात्र मान तुकवायला कोणाला कमीपणा नाही. तरी ग्रीस, पट्टी, रबर आणि थोरला उठेपर्यंत ग्राइंडर नाही, असा हुकूम दोघांच्या नावे काढावा. ग्रीस मी स्वतः घालीन.

४. पोलिसांत जा असे सांगू नये. ते एकाला नेतील. मला दोघे घरात पाहिजेत.

५. हुकुमात "आवाज कमी करा" लिहावे, "बंद करा" लिहू नये. आवाज सकाळपासून बंदच आहे. धाकटा शटर आतून लावून बसला आहे, पाना त्याच्यापाशी. थोरला कामावरून आला तो झोपला नाही, बाहेर वाकलेली पहार मांडीवर घेऊन बसला आहे. जन्मभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या तो ऐकायला मी कान टेकून आहे. यंत्र चालले की कळायचे, धाकटा कामात आहे. आता काहीच कळत नाही.

हा अर्ज मी शटरला पाठ लावून, दोघांच्या मध्ये बसून लिहिला आहे. सुनेच्या हाती धाडते. हुकूम घेतल्याशिवाय ती आपल्या टेबलासमोरून हलणार नाही, तशी ताकीद आहे. आपण स्वतः आलात तर उत्तम. चहा मिळणार नाही, मी उठू शकत नाही.

नम्र, पण जागची न हलणारी,
दोघांची आई
दिनांक : आजचाच, उद्यावर टाकू नये.

सोबत : १) आपले पत्र, परत. २) थोरल्याच्या टाक्यांची डॉक्टरची चिठ्ठी. ३) धाकट्याच्या मानेची चिठ्ठी नाही. मान पहारेने वाचली.