डेलियाचे तोंड उत्तरेकडे करावे

मी, होनोरा कॉर्मॅक क्विल्टी, वय एकोणऐंशी, धंदा थडग्यांचे दगड कोरणे, राहणार किलफारा, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. दीर फिंटन यांना शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः गेल्या नाताळात रागाच्या भरात केलेले.

१. राहते घर, छिन्न्या आणि हातोडे फिंटन यांची मुलगी ग्रॅनिया हिला द्यावेत. ती मेलबर्नला लोकांच्या दंडांवर आयरिश नक्षी गोंदते. बापाला तिच्या धंद्याची लाज वाटते, मला हेवा वाटतो. तिची गिऱ्हाइके तक्रार करायला निदान जिवंत असतात.

२. बँकेतल्या शिल्लकेतून माझे दफन करावे आणि आलेल्यांना चहा, सँडविच व व्हिस्की द्यावी. भाषणे नकोत. फिंटन उभे राहिलेच, तर व्हिस्की आधी वाटावी.

३. माझा दगड कोरून तयार आहे. शेडच्या मागे ताडपत्रीखाली सापडेल. मेलेला माणूस आयर्लंडातल्या कुठल्या कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, हे दगडावर लिहायची आमच्याकडे रीत आहे. ज्यांनी आयर्लंड फक्त बिस्किटांच्या डब्यावर पाहिले, त्यांनाही मी जन्मभर क्लेअर कौंटीचे करून निरोप दिला. माझा नवरा कॉर्मॅक इथल्या खाटकाच्या दुकानामागे जन्मला, पण धाकट्या भावाच्या, फिंटन यांच्या, हट्टापायी तोही क्लेअरचाच झाला. माझ्या दगडावर 'किलफाराची' एवढेच आहे. त्यात कोणी भर घालू नये.

४. आता शेड आणि त्याखालची जागा. ती आमच्या स्मारक समितीला हवी आहे. समितीचे अध्यक्ष फिंटन. कड्यावरचे स्मारक, म्हणजे देश सोडून आलेल्या बायकांची आठवण म्हणून बसवलेली दगडी बाई, मीच घडवली. चेहरा माझ्या आईचा, डेलिया हेनेसीचा. डोळ्यांवर आडवा हात धरून ती लांब काहीतरी शोधते आहे.

फिंटन तेव्हा आयर्लंडची सहल करून आले होते. तिथे बंदरावर असल्या बायका समुद्राकडे बघत उभ्या असतात.

"वहिनी, हिचंही तोंड समुद्राकडेच हवं. मायदेशाकडे बघतेय असं वाटलं पाहिजे."

"अहो, आपला समुद्र दक्षिणेला आहे. पलीकडे नुसता बर्फ. मायदेश हिच्या पाठीमागे, गव्हाची शेतं ओलांडून."

"नकाशे काय काढताय! लोकांच्या भावना बघा जरा."

"कोणाच्या? पेंग्विनांच्या?"

"तुमचं हे नेहमीचंच. घ्या मतदान!"

मतदान झाले, मी हरले. अनावरणाच्या दिवशी बिशपांसकट सगळे रडले. वाराही समोरून होता. दक्षिणेकडे तोंड करून डोळ्यांवर हात धरायला मुळात ऊन कुठे आहे, हे एकालाही सुचले नाही. आमच्याकडे सूर्य उत्तरेला असतो, हे समिती सोडून सगळ्या गायींना ठाऊक आहे.

माझी आई एकोणिसाव्या वर्षी बोटीतून उतरली, त्यानंतर तिने समुद्राकडे ढुंकून पाहिले नाही. रोज संध्याकाळी ती त्याच्याकडे पाठ करून दारात उभी राहायची, उन्हाला हात आडवा धरायची आणि बटाट्याच्या शेतात पांगलेली पोरे शोधून जेवायला हाका मारायची. आमच्यासोबत शेजारच्या क्विल्टींचीही पोरे असत. त्यांची आई गेलेली होती. सगळ्यात शेवटी यायचा तो फिंटन. तो येईपर्यंत ती ताटे वाढायची नाही.

ती उभी राहायची तशी मी तिला घडवली, आणि समितीने तिला बर्फाकडे बघत ठेवले. मला ते सहन होत नाही. उद्घाटनापासून मी कड्यावर गेलेले नाही.

तरी अट अशी की, माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत डेलियाचे तोंड उत्तरेकडे केले, तरच शेड व जागा समितीला मिळावी. न केल्यास ती समोरच्या प्रेस्बिटेरियन चर्चवाल्यांना, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांना, त्यांच्या बोलिंग क्लबासाठी द्यावी. ते फार आनंदित होतील. तिला आयर्लंड दिसेल असा माझा दावा नाही. मध्ये आधी आमचे गाव लागते. आम्ही घरी आलो की नाही, तेवढे तिला दिसले तरी पुरे.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले. ते ऐकताच मी फिंटन यांना बोलावणे धाडले.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून दोघा साक्षीदारांसमोर सही करते.

किलफारा, ४ ऑगस्ट १९९६

(सही) होनोरा क्विल्टी

साक्षीदार:

(सही) लेस्टर पिम, वकील

(सही) फिंटन क्विल्टी. वाचून सही केली. वहिनी, तुमच्या आईची पहिली हाकच मला ऐकू यायची, पण मी मुद्दाम थांबायचो. माझं नाव घेऊन पुन्हा हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही मरायची वाट कशाला बघायची? सोमवारी क्रेन घेऊन येतो. कड्यावर या.