अ‍ॅग्लोनिमाचं बदललेलं पाणी

रिया,

एकटी वर जाऊ नकोस, भोईर काकूंकडेच थांब. गावाला तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी त्यांच्याकडे देतेय.

गुरुवारी मी आपल्या अ‍ॅग्लोनिमाची फांदी कापून पाण्याच्या बाटलीत लावली आणि घराला कुलूप घालून ताईकडे नेरळला गेले. आज आले तर बाटलीत ताजं पाणी, आणि खिडकीत उन्हात विसरलेली कुंडी कोणीतरी सावलीला सरकवलेली. आमचं मोडलं तेव्हा मनोजने चावी परत दिली होती, तरी त्याला फोन लावला. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “फांदीला मुळं फुटली का गं?”

फांदीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, रिया.

पोलिसांकडे जातेय. कुलूपवाला चारला येईल, काकांना घेऊनच वर जा.

ऋतुजा