उचलू नकोस

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं. आजपासून पलंग! सातवा महिना, रक्तदाब चढलाय, पायांचे खांब झालेत. गाडीत बसायचं नाही, जिने चढायचे नाहीत आणि चिंता तर अजिबात करायची नाही. चिंता न करण्याची गोळी मात्र दिली नाही.

मला माझं काही वाटत नाहीये. मला गाडीतली ती शेजारची सीट दिसतेय. रिकामी.

लाँड्री आमची दोघांची. खाली मशिनं, वर आम्ही. तो गाडी चालवतो — हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या, मळक्यांची गाठोडी घेऊन यायचं. मी शेजारी, फोन माझ्या मांडीवर. चादरी कुठायत, टॉवेल कमी आले, डाग गेले नाहीत — सगळ्यांची तोंडं मी बंद करते. हौसेनं नाही घेतलं हे काम. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहिलं, फोन वाजला की ह्याचा हात आधी जातो, मागोमाग डोळे जातात, आणि रस्ता राहतो वाऱ्यावर. एरवी मुंगीलाही वाट करून देणारा माणूस!

आता फोन कोण धरणार?

६ मार्च

संध्याकाळी विचारलं, आज किती फोन घेतलेस गाडी चालवताना? म्हणे, "दोन-चार. सरळ रस्त्यावर घेतले." जसं काही सरळ रस्त्यावर माणसं चालतच नाहीत!

सगळ्यात वाईट काय, तर मला विचारताही येत नाही, कुठवर आलास. फोन केला तर तो उचलणार. उचलला तर नजर हटणार. नाही केला तर इथे माझा जीव टांगणीला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी — डाव्या कुशीवर.

७ मार्च

आज केला नाही. फोन उशीखाली ठेवला आणि वर डोकं ठेवून पडून राहिले. खाली शटर वाजलं तेव्हा कुठे श्वास सुटला.

१० मार्च

तोडगा सापडला! आई बसणार गाडीत. त्याच्या आई, माझ्या सासूबाई — तोंडानं तिखट, कामाला वाघ. म्हटलं, आई, फोन तुम्ही धरायचा, बोलायचं तुम्ही, त्याच्या हातात मुळीच द्यायचा नाही. त्या इतक्या खूश झाल्या की ठेवणीतली साडी बाहेर काढली. "बघतेच आता एकेकाला," म्हणाल्या.

मीच माझी पाठ थोपटली.

११ मार्च

एका हॉटेलच्या मॅनेजरला आईंनी फोनवर असं झापलं म्हणे की तो आता चादरी मोजतच नाही. जेवताना तिघंही हसत होतो. खूप दिवसांनी भूक लागली.

१३ मार्च

गाडी खांबावर गेली.

तो ठीक आहे. आईंचं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलंय.

फोन आलाच नव्हता. मेसेज आला होता. आईंचा चष्मा घरी — गाडीत लावला की म्हातारी दिसते म्हणून त्या तो नेतच नाहीत! तर त्यांनी फोन उचलून थेट ह्याच्या नाकासमोर धरला. "काय लिहिलंय रे हे? वाच बघू." आणि त्या शहाण्यानं वाचलं! गाडी चालू, समोर वळण, आणि ह्याचं वाचन चाललंय.

मला आधी हसू फुटलं. मग रडू आलं ते थांबेचना. तोडगा माझाच होता ना. खांबाच्या जागी कोणी माणूस असता तर?

१४ मार्च

आज तो गेला नाही कामाला. पलंगाच्या कडेला बसून होता. मग स्वतःहूनच सांगितलं — यापुढे फोन मागे, गाठोड्यांमध्ये. हात पोचणार नाही असा. गिऱ्हाइकं ओरडली तर ओरडू देत, गाडी बाजूला घेईन तेव्हाच बोलेन.

"तुझी रिंग तेवढी वेगळी लावतो," म्हणाला. "तू एरवी करू नकोस. केलास, तर मी समजेन बाळ आलं."

माझ्या पोटावर हात ठेवून बोलला हे. बाळानं आतून लाथ मारली. साक्षीदार!

इतका आवडला आज. लग्नातसुद्धा नव्हता आवडला इतका.

१७ मार्च

शांत. आई एका हातानं घड्या घालतात आणि माझ्याकडून वाहवा घेतात.

१९ मार्च

दुपारी घरच्या फोनवर हॉटेलवाल्या बाई. उशीच्या अभ्र्यावर गंजाचा डाग आहे म्हणे. म्हटलं, त्यालाच सांगा ना. तर म्हणाल्या, "आत्ताच बोलले की त्यांच्याशी. पुलावर होते."

पुलावर! तिथे गाडी बाजूला घ्यायला जागा तरी आहे का?

आला तेव्हा सगळं बाहेर काढलं. तो म्हणाला, पुलाच्या अलीकडे थांबलो होतो, खाली उतरून, मागचं दार उघडून बोललो. मी म्हटलं, शपथ घे. तो म्हणाला, घेतलीय की एकदा. मी ऐकेना. शेवटी थकून म्हणाला, "आता काय पुरावा आणून देऊ तुला?" आणि ताटावरून उठला.

खरं बोलत असेल. खरंच बोलत असेल! पण डोळे मिटले की तो खांब येतो.

२१ मार्च

पुरावा. हा शब्द डोक्यातून जात नाही.

एकच फोन. उचलला, तर खोटारडा. नाही उचलला, तर बाळ येईपर्यंत मी सुखानं पडून राहीन. आईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "विषाची परीक्षा कशाला घेतेस? पोरगा सुधारलाय, सुधारू दे."

बरोबर आहे त्यांचं. नाही करणार.

२३ मार्च

रोज शटर वाजेपर्यंत मी मरते. हे कोणाला कळत नाही. रक्तदाब आज पुन्हा वर. डॉक्टरीणबाई रागावल्या — अशानं बाळाला धोका आहे, मन शांत ठेवा. कसं ठेवू? कोणी सांगेल का, कसं?

२४ मार्च

केला!

वाजला, वाजला, वाजून वाजून बंद झाला. उचलला नाही!! खात्री करावी म्हणून लगेच पुन्हा केला. पुन्हा नाही उचलला!

आई आधी चिडल्या, मग त्यांनीही प्लॅस्टरवरच टाळी घेतली. मी तर रडलेच. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. किती दुष्टपणा केला मी त्याच्याशी! पुलाचं खरंच होतं तर त्याचं. आज आला की कान धरून माफी मागणार आहे. बाळही मजेत आहे, मघापासून नुसता धिंगाणा.

अजून आला नाही. येऊ दे उशिरा. सावकाश चालवत असेल.

२५ मार्च

इस्पितळातल्या बाकावर बसलेय. ऑपरेशन अजून चाललंय. आई भिंतीला टेकून उभ्या आहेत, बसत नाहीत. मी पाणी पुढे केलं, तर तोंड फिरवलं.

ज्यानं त्याला गाडीतून ओढून काढलं, तो पंक्चरवाला आला होता. सांगत होता, समोरून ट्रक होता आणि साहेब सीटवरून पूर्ण मागे वळलेले, एक हात गाठोड्यांत खुपसलेला. त्यानं धावत जाऊन दार उघडलं, तेव्हाही आत फोन वाजतच होता.

बाकी सगळ्यांसाठी तो गाडी बाजूला घ्यायचा. माझी रिंग वाजली आणि तेवढाही धीर निघाला नाही त्याला.

शुद्ध जाण्याआधी त्यानं पंक्चरवाल्याला एवढंच विचारलं — "बाळ आलं का?"