सव्वा लाखाला तीनने भाग जात नाही

श्री. भागवतदादा यांना नायगावहून शरदचंद्रचा साष्टांग नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता बरा असेल, लातूरला नळाला पाणी येत असेल आणि तुमची बहीण तुमच्याकडे सुखात असेल. रीत म्हणून विचारलं; आता माझा संताप ऐका. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद काळा करतोय.

गेल्या श्रावणी सोमवारी आमच्या कॉलनीतल्या महादेवाला सव्वा लाख बेल वाहायचं ठरलं. एका बेलाला तीन दळं, तर एकेक दळ एक असं मोजायचं, हा ठराव बायकांचा. मोजणीची प्रमुख तुमची बहीण प्रेमला. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस घरात असताना त्याला कुणी विचारलं? (मला चपला सांभाळायला बसवलं होतं.) संध्याकाळी गुरुजींनी माईकवर 'सव्वा लाख पूर्ण' असं जाहीर केलं आणि माझं डोकं सणकलं.

दादा, सव्वा लाख ही काय साधीसुधी संख्या आहे? पन्नासाचा घन आहे तो! अठ्ठावीस भाजक तिच्या पदरी. स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज केली तर तिच्याहून मोठी भरते, म्हणून गणितात तिला विपुल म्हणतात. (हा गुण तुमच्या घराण्यात दिसला नाही.) एवढी उदार, पण तीनला दारात उभं करत नाही. अंकांची बेरीज आठ. आठाला तीनने भाग जात नाही, हे पाचवीतलं पोरगं सांगेल. मग अख्खे बेल वाहून नेमके सव्वा लाख भरतातच कसे? एक तर मोजणी चुकली, नाहीतर कुणीतरी तुटका बेल महादेवाच्या माथी मारला! हे मी गुरुजींच्या हातातला माईक घेऊन सांगितलं. प्रेमला उठून काही बोलायला लागली, तर 'आधी भागाकार करून दाखव' म्हणालो. यात काय चुकलं माझं? पण लोकांनी माईक हिसकावला, प्रसादाचा द्रोण मला ओलांडून पुढे गेला, आणि सकाळी तुमची बहीण लातूरच्या बसमध्ये. खऱ्याची दुनिया राहिली नाही.

तिने यायचं की नाही ते तिने ठरवावं. मी बोलावणार नाही.

आपला,
शरदचंद्र

ता. क. : शेजारच्या गुणाबाई आत्ताच कढी घेऊन आल्या (मी मागितली नव्हती) आणि मलाच ऐकवून गेल्या, "सर, गुर्जी नुस्तं सव्वा लाख म्हनले. काकूनं शेवटला बेल अख्खा वाहून वरचं एक धरलंच हुतं की. शुभकामात वरचं एक लागतंय. त्येच सांगाया उठल्या, तर तुमी बोलू कुठं दिलं?" सव्वा लाख एक. अंकांची बेरीज नऊ. तीनने निःशेष भाग जातो. मी पुन्हा पुन्हा करून पाहिला, जातोच.

आणखी एक : हे प्रेमलाला सांगू नका. (तिला ठाऊकच आहे.) एवढंच सांगा, की येत्या सोमवारी समाप्तीचा अभिषेक जोडीने करायचा आहे आणि एकटा गेलो तर मला पुन्हा चपलांपाशी बसवतील. लातूरहून सकाळची बस नायगावला थांबते. मी स्टँडवर उभा असेन. ती बोलेल, मी ऐकेन.